जात्यावर बसल्यावर

‘जात्यावर बसले म्हणजे ओवी सुचते’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, तिने—आणि ती बाईच असली पाहिजे—साहित्यशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ एका ओळीत उरकून टाकला, असे मला नेहमी वाटत आले आहे. प्रतिभा म्हणजे काय, स्फूर्ती कुठून येते, ती न आली तर माणसाने काय करावे, या प्रश्नांवर पंडितांनी हजारो पाने खर्च केली. मम्मटाने अकराव्या शतकात काश्मीरात बसून काव्याचे मूळ शोधले, तेव्हा त्याला तीन गोष्टी सापडल्या : अंगची शक्ती, लोक आणि शास्त्रे यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता, आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. पण हुशारी पाहा! ही तीन कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण, असे त्याने तिथल्या तिथे बजावून ठेवले. आमच्या त्या अनाम बाईला एवढा व्याप करावासा वाटला नाही. ती म्हणाली, आधी बस. ओवी आधी सुचली आणि मग बाई जाते शोधत निघाली, असे काही कधी घडले नाही. पहाटे उठावे, पसाभर दाणे वैरावेत, खुंटा हातात धरावा. दगड फिरू लागला की शब्द आपोआप त्याच्या घरघरीवर येऊन बसतात.

ही म्हण आज उकरून काढायला कारण आहे. ज्या संगीतात जातेच उरलेले नाही असा सर्वत्र समज आहे, त्या संगीताबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. त्यात तार छेडावी लागत नाही, चामड्यावर थाप पडत नाही, बासरीत फुंकर जात नाही. विजेचा प्रवाह कमीजास्त वेगाने थरथरतो आणि ध्वनिक्षेपकातून सूर बाहेर पडतो. माझ्या वयाची मंडळी यावर एकच निकाल देतात : “त्यात काय आहे? बटण दाबले की वाजते!” मला हा निकाल फार घाईचा वाटतो. पण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ संगीतापुरता नाही. यंत्राने आपले कष्ट हिरावून घेतले, तर कष्टांच्या अंगाने येणारी ओवीही ते घेऊन जाते काय?

प्रथम कष्टांचा हिशेब पाहू. १९४८ साली पॅरिसमध्ये प्येर शेफर नावाचा नभोवाणीवरचा एक इंजिनिअर बातिन्योल स्थानकावर गेला आणि त्याने आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून आणले. वाफेचे फुत्कार, शिट्ट्या, रुळांवरची खडखड, एवढ्यावर त्याने एक रचना उभी केली. त्या वेळी मुद्रण तबकडीवर होई. तबकडीच्या खाचेचे टोक फिरवून तिच्याच आरंभाशी जोडले, की सुई पुढे जात नाही. तोच एक तुकडा पुन:पुन्हा वाजत राहतो. या बंद खाचेतून शेफरला एक विलक्षण गोष्ट कळली. कोणताही आवाज दहा वेळा ऐकला, की तो कशाचा आहे हे आपण विसरतो आणि तो कसा आहे हे ऐकू लागतो. गाडी नाहीशी होते, लय उरते. आज संगणकावर संगीत करणारी मुले ज्याला लूप म्हणतात, त्याची ही आजी.

दुसरे उदाहरण लंडनचे. तिथल्या बीबीसीने १९५८ साली रेडिओफोनिक वर्कशॉप नावाचा विभाग काढला. नावाप्रमाणेच ते एक कारखानावजा ठिकाण होते. नाटकांना आणि कार्यक्रमांना लागणारे चमत्कारिक आवाज तिथे तयार होत. तिथे डेलिया डर्बीशायर नावाची तरुणी आली. ती केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली होती, आणि तिचे बालपण युद्धकाळात कॉव्हेन्ट्रीत गेले होते. विमानहल्ल्याचे भोंगे आणि संकट टळल्याचे भोंगे, हेच आपले पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत, असे ती पुढे सांगत असे. ज्या आवाजाने सारे गाव तळघरात पळे, त्याच आवाजात एका लहान मुलीला सुराचा लांबच लांब चढउतार ऐकू आला! स्फूर्ती कुठून येईल याचा भरवसा नसतो तो असा.

१९६३ साली ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत करण्याचे काम तिच्याकडे आले. रॉन ग्रेनर या संगीतकाराने चाल एका कागदावर लिहून दिली होती. ती ध्वनीत उतरवण्यासाठी डर्बीशायरजवळ सिंथेसायझर नव्हता. होते ते एवढेच : प्रयोगशाळेतली सूर काढणारी यंत्रे, एक ताणलेली तार, ध्वनिफितीची रिळे आणि दाढीचे पाते. प्रत्येक सूर वेगळा मुद्रित करायचा, फितीचा वेग बदलून तो चढवायचा किंवा उतरवायचा, आणि मग हवा तेवढा तुकडा पात्याने कापून पुढच्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडायचा. फीत सेकंदाला १५ इंच धावते असे धरले आणि मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली, तर एक मात्रा म्हणजे साडेसात इंच फीत. म्हणजे ही बाई ताल हाताने देत नव्हती, पट्टीने मोजून कात्रीत धरत होती. शेवटी तीन-चार फिती एकाच वेळी चालवून एकत्र करताना कुठेतरी एक सूर चुकीच्या जागी पडू लागला, तेव्हा तिने आणि तिच्या सहकाऱ्याने त्या फिती लांब बोळातून जमिनीवर उलगडल्या, आणि कोणाचा सांधा पुढेमागे झाला आहे ते डोळ्यांनी शोधून काढले. हे वाचले तेव्हा मला पैठणीच्या मागावर बसलेल्या विणकराची आठवण झाली. बटण दाबून वाजणारे संगीत म्हणतात ते हेच काय?

आपल्याकडेही हे जाते फार लवकर येऊन पोचले होते. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर येऊन बसला. तो मांडून द्यायला अमेरिकेहून डेव्हिड ट्यूडर आले होते. पुढची तीन वर्षे काही भारतीय रचनाकार त्यावर प्रयोग करीत होते. मग ते थांबले, फिती कपाटात गेल्या, आणि अर्धशतकाने पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या बाहेर काढल्यावर २०२३ साली जगाने त्या ऐकल्या. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. याच गीताबाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत शिकवले आणि संगीताचे प्रयोजन काय, या त्याच्या प्रश्नाला आपल्या गुरूंकडून ऐकलेले उत्तर दिले : मन निवळून शांत करावे, म्हणजे ते दैवी स्पर्शाला पात्र होते. हे उत्तर जरा लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इथवर ठीक. पण कष्टांची ही कहाणी सांगून मी यंत्राची वकिली जिंकली असे कोणी समजू नये. कारण तो बोळ आता उरलेला नाही. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मिडी नावाची एक समाईक भाषा ठरली. मग संगणक आला, आणि खोलीभर सामग्री एका पेटीत मावू लागली. आज दाढीचे पाते लागत नाही. सूर चुकला तर बोटाच्या एका हालचालीने तो नव्हताच असे करता येते. चार रिळांच्या जागी शेकडो पदर एकावर एक चढवता येतात, आणि हजारो तयार आवाज, वाण्याच्या दुकानातल्या बरण्यांसारखे, नावे लावून मांडलेले असतात. गिरणी आली. आता ओवीचे काय?

माझा एक भाचा अशा संगीताच्या नादी आहे. दिवसा नोकरी आणि रात्री कानाला यंत्र लावून संगणकापुढे. “किती रचना झाल्या?” असे मी त्याला सहज विचारले, तर त्याने दोनशेवर तुकड्यांची यादी दाखवली. त्यांतला प्रत्येक तुकडा आठ आवर्तनांचा. ऐकायला मोठा गोड. पण नवव्या आवर्तनाला पुन्हा पहिलेच. तो हसून म्हणाला, “मामा, सुरुवात रोज होते हो. शेवटच होत नाही.”

मला हे वाक्य फार खरे वाटले, आणि केवळ त्याच्याच बाबतीत नव्हे. स्फूर्ती येत नाही ही जुन्या कलावंतांची तक्रार होती. स्फूर्ती रोज येते आणि कशालाच चिकटत नाही, ही नव्यांची आहे. चांगला आवाज सापडला की वाटते, याहून चांगला पुढच्या बरणीत असेल. सगळे बदलता येते, म्हणून काहीच पक्के होत नाही. जेवणाच्या पंगतीत एक भाजी वाढली तर आपण ती खातो. चाळीस वाढल्या तर नुसते चाखत बसतो, आणि उपाशी उठतो. मग मन निवळणे दूरच. ते अधिकच गढूळ होते.

पण या लोकांनीच त्यावर जो तोडगा काढला, तो मला विचार करण्यासारखा वाटतो. ज्यांना यंत्राने सर्व सोय करून दिली, ते आपण होऊन गैरसोय मागून घेतात. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने पीटर श्मिट या चित्रकाराच्या साहाय्याने १९७५ साली पत्त्यांचा एक जोडच काढला. काम अडले की एक पान उचलायचे आणि त्यावर जी तिरपागडी आज्ञा असेल ती निमूट पाळायची. कोणी ठरवतो, या रचनेत एकच वाद्य. कोणी ठरवतो, सूर्योदयापूर्वी संपले पाहिजे. माझ्या भाच्याने आता असा नेम केला आहे : रविवारी नुसते आवाज घडवायचे आणि त्यांना नावे देऊन ठेवायचे, त्या दिवशी रचना करायची नाही. इतर दिवशी रचना करायची. त्या दिवशी नवा आवाज शोधायचा नाही. आणि एकदा सूर मुद्रित झाला की मागे फिरायचे नाही. “परतीची वाटच तोडून टाकली,” असे तो म्हणतो. तानाजीच्या गोष्टीतल्या सूर्याजीने दोर कापले होते. इथे भाच्याने कापले एवढाच फरक!

आपल्या रसिकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. भूप रागात पाचच स्वर. मध्यम आणि निषाद जवळच उभे असतात, पेटीवर त्यांच्या पट्ट्याही असतात. पण गवई तिकडे पाहत नाही. दोन स्वर कमी पडले म्हणून भूप गरीब झाला असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. उलट त्या नकारातूनच त्याचा चेहरा उमटतो. एकादशीला पोटभर खाता येत असून न खाणे याला व्रत म्हणतात. घरात दाणा नसल्यामुळे न खाणे याला उपासमार म्हणतात. दोन्हींत पोट रिकामेच असते, पण मन कुठे भरलेले असते ते निराळे.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जाते ओढलेले नसते. अंधारात उठून, मांडी मोडून, पायली-पायली दळणाऱ्या बाईला ते व्रत नव्हते, सक्ती होती. ओवी हा त्या सक्तीवर तिने उगवलेला सूड म्हणा, की सक्तीतून काढलेली वाट म्हणा. पण त्या ओवीसाठी तिच्या गळ्यात पुन्हा जाते बांधावे असे म्हणणे हा निर्दयपणा आहे. पिठाची गिरणी आली हे चांगलेच झाले. डर्बीशायरबाईला चांगले यंत्र मिळाले असते तर तिने पाते आनंदाने फेकून दिले असते. म्हणून कष्ट हे कलेचे मोल नव्हे. मोल आहे ते बसण्याला. दगड जड होता म्हणून ओवी आली नाही. बाई तासभर एका जागी, एका लयीत, मन एकवटून बसली म्हणून आली. गिरणीने दगड नेला याबद्दल तिचे आभार मानावेत. पण ते बसणे तेवढे आपले आपण राखावे लागते. नव्या युगाने आपल्याला दिलेले हे नवे ओझे आहे, आणि ते दगडाहून हलके नाही.

बसलेल्या माणसाला काय मिळते? पुष्कळदा, न मागितलेले मिळते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाचे एक लहानसे यंत्र काढले. एकट्या गिटारवाल्याला साथीला खर्जाचे सूर वाजवणारा सोबती मिळावा एवढाच त्याचा हेतू. तो काही साधला नाही. त्याचे सूर खऱ्या वाद्यासारखे वाटेनात, आणि १९८४ साली ते बंद झाले. मग शिकागोतल्या काही तरुणांनी ते जुन्या मालात घेतले, त्याच्या कळा नको तितक्या पिळल्या, आणि त्या चिरक्या, वळवळत्या आवाजातून १९८७ साली नाचाच्या संगीताचा एक पंथच जन्माला आला.

पण त्याच्याही पाच वर्षे आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या वादकाने हेच यंत्र हाती घेतले होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे वाजवलेला हा माणूस. त्याच्या लक्षात आले की या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे. म्हणजे मींड! जोडीला तालयंत्र आणि आणखी एक सिंथेसायझर घेऊन त्याने ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. तबकडी निघाली आणि विसरली गेली. २०१० साली ती हॉलंडमधून पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जग थक्क झाले, आणि सत्तरी ओलांडलेले सिंगसाहेब परदेशच्या रंगमंचांवर जाऊन ती वाजवून आले. २०१५ साली ते वारले. एकच यंत्र, तयार करणाऱ्याला त्यात साथीदार दिसला, शिकागोकरांना चीत्कार दिसला, मुंबईकराला मींड दिसली. यंत्रात जे नव्हते ते यांनी कुठून आणले? कानातून. मम्मटाची निपुणता म्हणतात ती ही. परदेशी पेटीचेच पाहा ना. ती रागाला अपात्र ठरवून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवली होती. आणि इकडे गोविंदराव टेंब्यांच्या हाती तीच पेटी मराठी रंगभूमीचा गळा होऊन बसली होती. वाद्याला जात नसते. वाजवणाऱ्याच्या कानाला असते.

तेव्हा स्फूर्ती म्हणजे नवे निर्माण करण्याची शक्ती, यापेक्षा समोर आलेल्या शंभरांतून नव्याण्णव नाकारून एक ओळखण्याची शक्ती, असे मला म्हणावेसे वाटते. आणि ही ओळख जबाबदारीची असते. ग्रेनरने डर्बीशायरची तयार फीत ऐकली, तेव्हा हे मीच लिहिले काय, असे त्याने आश्चर्याने विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. रचनेच्या श्रेयात तिलाही वाटा मिळावा असे त्याने सुचवले. पण वर्कशॉपच्या माणसांची नावे झळकवायची नाहीत, असा त्या काळचा रिवाज आड आला. पडद्यावर तिचे नाव आले ते २०१३ साली. तिला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. चाल त्याची खरी. पण प्रत्येक सुराचा काठ जिने कानाने पारखला, तिचे ते संगीत नव्हते असे कोण म्हणेल?

हा प्रश्न आज नव्या वेषात पुढे उभा आहे. चार शब्दांची फर्माईश लिहिली, की मिनिटाभरात आख्खे गाणे, गळ्यासकट, हातात ठेवणारी यंत्रे आली आहेत. मागणाऱ्याला मी रचनाकार म्हणावे काय? खाणावळीत “थाळी आण” म्हणणाऱ्याला आपण आचारी म्हणत नाही. यावर कोणी म्हणेल, की तोही शंभर थाळ्या परत पाठवून एक निवडतो. मग त्याच्या कानाला मान का नाही? मान आहे, पण थोडा. कारण जात्यावर केवळ दाणे दळले जात नाहीत, बाईही थोडी दळली जाते. शेफरने बंद खाच ऐकून ऐकून रचना तर केलीच, पण आधी स्वत:चा कान बदलला. फर्माईश करणारा जसा आला तसाच उठून जातो. शिवाय त्या यंत्राने ज्या असंख्य गायक-वादकांचे काम पोटात घालून हा गळा कमावला, त्यांची नावे कोणत्या पडद्यावर येणार, आणि किती वर्षांनी? एका बाईला पन्नास वर्षे लागली; हे तर लाखो आहेत.

म्हणून घरातल्या एखाद्या मुलाने कानाला यंत्र लावून रात्र जागवली तर वडीलधाऱ्यांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. यंत्र कोणते ते विचारू नये. किती वेळ एका जागी बसलास, काय काय नाकारलेस, आणि कोणाचे देणे लागतोस, एवढे मात्र जरूर विचारावे. तो आठ आवर्तनांच्या फेऱ्यात सापडला असेल तर त्याला जात्याचा दाखला द्यावा. जातेही गोलच फिरत असते, दिवसानुदिवस त्याच खुंट्याभोवती. पण दगड फिरतो तिथेच राहतो आणि ओवी मात्र माहेरच्या वाटेने पुढे पुढे जात असते. खाली परातीत पीठ साठत असते. फिरणे वाईट नाही. फिरून पीठ पडले पाहिजे.

यंदाच्या दिवाळीत चकलीची भाजणी बहुतेक घरांत गिरणीतूनच दळून आली असेल, आणि तिच्या खमंगपणात त्यामुळे काही उणे आले नसेल. धान्य कोणते घ्यायचे, किती भाजायचे आणि कुठे थांबायचे, हे ज्या हाताला कळते तो हात अजून घरातच आहे. तो हात घरात आहे तोवर गिरणीला भिण्याचे कारण नाही.